आरसिसलॉग: बसवणं, अपग्रेड करणं आणि नीट काढणं

एका पतसंस्थेचे सहा सर्व्हर होते आणि सातवा फक्त त्यांचे लॉग, म्हणजे सर्व्हरवर काय घडलं याच्या नोंदी, गोळा करायला ठेवलेला. एके दिवशी एका सर्व्हरवर रात्री कोणीतरी लॉगिन केल्याचा संशय आला. मला बोलावलं. मी सरळ सातव्या सर्व्हरवर गेलो, कारण तिथे सगळं सापडेल अशी खात्री होती. आरसिसलॉग, म्हणजे लॉग लिहिणारा आणि पाठवणारा प्रोग्राम, चालू होता, हिरव्या अक्षरांत ‘ॲक्टिव्ह (रनिंग)’ दिसत होतं. पण बाहेरच्या सर्व्हरची शेवटची नोंद चार महिन्यांपूर्वीची होती.

/ईटीसी फोल्डरमध्ये एक फाइल दिसली, जिच्या नावाच्या शेवटी ‘.डीपीकेजी-ओल्ड’ असं होतं. तिची तारीख आणि शेवटच्या नोंदीची तारीख एकच. त्या दिवशी कोणीतरी पॅकेज अपग्रेड केलं होतं. ‘तुमची कॉन्फिग (सेटिंगची) फाइल ठेवू की नवी घेऊ?’ या प्रश्नाला ‘वाय’, म्हणजे नवी घ्या, असं दाबलं होतं. नव्या फाइलमध्ये बाहेरून लॉग घेण्याच्या दोन ओळींपुढे हॅशचं चिन्ह होतं, म्हणजे त्या बंद. सॉफ्टवेअर चालू, पण कान बंद. चार महिने कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण लॉग रोज कुणी वाचत नाही. ते काहीतरी घडून गेल्यावरच लागतात, आणि तेव्हा नसले तर मागे जाऊन आणता येत नाहीत.

म्हणून या लेखात कमांडपेक्षा पडताळणीवर जास्त जागा दिली आहे. बसवणं दहा मिनिटांचं काम आहे. ते खरंच चालतंय हे पाहणं, अपग्रेडनंतर पुन्हा पाहणं आणि काढताना मागे काही लटकत ठेवलं नाही याची खात्री करणं, हे खरं काम.

उदाहरण डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या दोन वितरणांचं घेतलं आहे. एक सर्व्हर गोळा करणारा, त्याला ‘केंद्र’ म्हणू. त्याचा पत्ता १०.०.०.५ धरू. दुसरा पाठवणारा, पत्ता १०.०.०.११. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत, चिन्हं आणि मोकळ्या जागा तशाच ठेवून टाइप करायच्या. फक्त ‘-एन१’ मधला एन आणि ‘+एल१’ मधला एल मोठा. स्पेलिंगबद्दल शंका आली तर टॅब की दाबा, शेल उरलेलं नाव पुरं करून देतं.

आरसिसलॉगच का

सिसलॉगची पद्धत १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या मेल सॉफ्टवेअरसाठी सुरू केली, आणि पुढे सगळ्या युनिक्स जगाने ती उचलली. राउटर, फायरवॉल, प्रिंटर, स्टोरेज, सगळ्यांना ही भाषा येते. आरसिसलॉग हा त्याच घराण्यातला. जर्मनीतल्या राइनर गेरहार्ड्स यांनी २००४ मध्ये त्यावर काम सुरू केलं. फाइलबीट, फ्लुएंट बिट, व्हेक्टर असे नवे पर्याय आहेत आणि मोठ्या शोधयंत्रणेला लॉग द्यायचे असतील तर ते सोयीचे पडतात. पण पहिल्यांदा शिकणाऱ्याने आरसिसलॉगपासूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. तो वितरणाच्या स्वतःच्या भांडारातून येतो, सुरक्षा अपडेट आपोआप मिळतात आणि लॉग साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहतात. मजकूर शोधणारी ग्रेप कमांड येत असेल तर पुरेसं आहे.

प्रत्येक सिसलॉग संदेशाच्या सुरुवातीला कंसात एक आकडा असतो. विभागाचा (संदेश कोणत्या प्रकारच्या कामातून आला त्याचा) क्रमांक गुणिले आठ, अधिक तीव्रता. तीव्रता ० ते ७: शून्य म्हणजे यंत्रणा कोलमडली, सात म्हणजे प्रोग्रामरच्या कामाची बारीकसारीक माहिती. ३४ दिसला तर चार गुणिले आठ अधिक दोन, म्हणजे लॉगिन-सुरक्षा विभागातली गंभीर नोंद. एवढं कळलं की पुढे गाळणी लावताना अडत नाही.

हात लावण्याआधी

आधी काय आहे ते पाहा. ‘डीपीकेजी -एल आरसिसलॉग’ टाइप केल्यावर ओळीच्या सुरुवातीला ‘आयआय’ दिसलं तर पॅकेज बसलेलं आहे. उबुंटू सर्व्हरवर ते बहुधा असतंच. डेबियनवर मात्र २०२३ मध्ये आलेल्या आवृत्ती १२ पासून ते आपोआप बसत नाही. तिथे सिस्टमडीचा (सर्व्हरवरच्या सेवा चालवणाऱ्या यंत्रणेचा) जर्नल हा स्वतःचा लॉग एकटाच सगळं सांभाळतो. त्यामुळे जुन्या लेखांत ‘/व्हार/लॉग/सिसलॉग उघडा’ असं वाचून तुम्ही नव्या डेबियनवर गेलात आणि ती फाइल सापडली नाही, तर काही बिघडलेलं नाही. ‘जर्नलसीटीएल’ चालवा.

मग घड्याळ. ‘टाइमडेटसीटीएल’ चालवून सिस्टमचं घड्याळ जुळलेलं आहे ना, आणि वेळविभाग सगळ्या सर्व्हरवर एकच आहे ना, ते पाहा. एक सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आणि दुसरा भारतीय वेळेवर असेल तर साडेपाच तासांचा फरक पडतो. सिसलॉगच्या जुन्या पद्धतीच्या वेळेत ना वर्ष असतं ना वेळविभाग, त्यामुळे हा फरक नोंद पाहून ओळखताही येत नाही. दोन सर्व्हरवरच्या घटनांचा क्रम लावायला बसलात की डोकं फिरतं.

तिसरी गोष्ट जागा. ‘डीयू -एसएच /व्हार/लॉग’ आठवडाभर रोज त्याच वेळी चालवा आणि रोजची वाढ लिहून ठेवा. समजा एक सर्व्हर रोज ५० एमबी लिहितो आणि असे दहा आहेत. १८० दिवसांचे झाले ९० जीबी. दाबून ठेवले की जागा बरीच कमी लागते, पण हिशेब न दाबलेल्याचाच धरा. केंद्रावर /व्हार/लॉग साठी वेगळं पार्टिशन ठेवा, म्हणजे लॉगने डिस्क भरली तरी सर्व्हर उभा राहील.

१८० हा आकडा मी हवेतून घेतलेला नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्या संस्था, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी कार्यालयं यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत, आणि घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत. तुमची संस्था यात बसत असेल तर किती दिवस ठेवायचे हा प्रश्न तुमच्यापुरता सुटला आहे.

केंद्र बसवणं

केंद्र नेहमी आधी. ऐकणारा तयार नसताना बोलणारे सुरू केले तर पहिल्याच दिवशी नोंदी हवेत जातात.

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल आरसिसलॉग

मुख्य कॉन्फिग फाइल /ईटीसी/आरसिसलॉग.कॉन्फ. ती उघडलीत की टीसीपीच्या (आधी जोडणी करून मजकूर पाठवण्याच्या नेटवर्क पद्धतीच्या) दोन ओळी हॅश लावून बंद ठेवलेल्या दिसतील आणि हॅश काढायचा मोह होईल. काढू नका. सुरुवातीला सांगितलेल्या पतसंस्थेत घोळ झाला तो याच फाइलमध्ये. ती पॅकेजच्या मालकीची आहे. अपग्रेडमध्ये बदलायचा प्रश्न तिच्याचबद्दल विचारला जातो. आपलं लिखाण /ईटीसी/आरसिसलॉग.डी या फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलीत ठेवा. तिथल्या तुमच्या फाइलला पॅकेज हात लावत नाही. नावाच्या शेवटी ‘.कॉन्फ’ हवं, नाहीतर ती वाचलीच जात नाही. आणि फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात म्हणून सुरुवातीला आकडा घालतात. ‘१०-केंद्र.कॉन्फ’ अशी फाइल करून तिच्यात हे लिहा:

मॉड्यूल(लोड="आयएमटीसीपी")
टेम्प्लेट(नेम="रिमोट" टाइप="स्ट्रिंग" स्ट्रिंग="/व्हार/लॉग/रिमोट/%फ्रॉमहोस्ट-आयपी%/%प्रोग्रामनेम%.लॉग")
रूलसेट(नेम="बाहेर") { ॲक्शन(टाइप="ओएमफाइल" डायनाफाइल="रिमोट") }
इनपुट(टाइप="आयएमटीसीपी" पोर्ट="५१४" रूलसेट="बाहेर")

पहिली ओळ टीसीपीवर ऐकणारा भाग जोडते. दुसरी प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळा फोल्डर आणि प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळी फाइल ठरवते. तिसरी-चौथी मिळून बाहेरून आलेलं सगळं त्या नियमाकडे वळवतात, म्हणजे केंद्राच्या स्वतःच्या लॉगमध्ये ते मिसळत नाही.

फोल्डरच्या नावासाठी बरेच जण होस्टनेम, म्हणजे सर्व्हरचं नाव, घेतात. मी पाठवणाऱ्याचा पत्ता घेतो. होस्टनेम संदेशाच्या आत लिहिलेलं असतं, आणि पाठवणारा तिथे काहीही लिहू शकतो. पत्ता केंद्र स्वतः जोडणीवरून पाहतं. चौकशीच्या वेळी हा फरक महत्त्वाचा ठरतो.

आता फोल्डर करा: ‘सुडो एमकेडीआयआर /व्हार/लॉग/रिमोट’. उबुंटूवर आरसिसलॉग रूट (मुख्य प्रशासक) म्हणून नाही तर ‘सिसलॉग’ नावाच्या वापरकर्त्याच्या हक्कांनी चालतो, म्हणून तिथे ‘सुडो सीएचओडब्ल्यूएन सिसलॉग:एडीएम /व्हार/लॉग/रिमोट’ हेही करा. नाहीतर सगळं बरोबर असूनही एक अक्षर लिहिलं जाणार नाही. लॉग /व्हार/लॉग च्या बाहेर दुसऱ्या एखाद्या डिस्कवर ठेवायचा विचार असेल तर ॲपआर्मर किंवा एसईलिनक्स ही प्रोग्रामना ठरलेल्या जागांपुरतं बांधणारी सुरक्षा आडवी येऊ शकते. शक्य असेल तर ती डिस्कच /व्हार/लॉग वर माउंट करा.

रिस्टार्टच्या आधी व्याकरण तपासायची कमांड आहे:

सुडो आरसिसलॉगडी -एन१

चूक असेल तर ती फाइल आणि ओळ क्रमांक सांगते. ही कमांड न चालवता मी गेल्या कित्येक वर्षांत एकदाही रिस्टार्ट केलेला नाही. मग ‘सुडो सिस्टमसीटीएल रिस्टार्ट आरसिसलॉग’, आणि लगेच ‘सुडो एसएस -टीएलएनपी’ चालवून ५१४ पोर्टसमोर आरसिसलॉगडी हे नाव दिसतं का पाहा. हिरव्या ‘ॲक्टिव्ह’वर विश्वास ठेवू नका. पोर्ट दिसलं तरच केंद्र ऐकतंय.

फायरवॉल उघडताना फक्त आपल्या आतल्या नेटवर्कसाठी उघडा: ‘सुडो यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १०.०.०.०/२४ टू एनी पोर्ट ५१४ प्रोटो टीसीपी’. ५१४ इंटरनेटवर उघडं ठेवलं तर कुणीही तुमच्या वहीत काहीही लिहू शकतो आणि तुमची डिस्क भरू शकतो. शिवाय साध्या टीसीपीवर मजकूर उघडा जातो. दोन शहरांतली कार्यालयं जोडायची असतील तर ‘आरसिसलॉग-जीएनयूटीएलएस’ पॅकेज घेऊन टीएलएस (वाटेत मजकूर सांकेतिक करणारी पद्धत) लावा, पोर्ट ६५१४. किंवा सगळं व्हीपीएनच्या आतून न्या.

पाठवणारा सर्व्हर

जुन्या पद्धतीत हे एका ओळीत होतं:

*.* @@१०.०.०.५:५१४

दोन ॲट म्हणजे टीसीपी, एक ॲट म्हणजे यूडीपी. यूडीपीत संदेश पोचला की नाही हे पाठवणाऱ्याला कळतच नाही. ही ओळ आजही चालते आणि राउटरसारख्या उपकरणांच्या मार्गदर्शनात सगळीकडे दिसते. पण केंद्र अर्धा तास बंद राहिलं तर मधल्या नोंदींचं काय, याचं उत्तर या ओळीत नाही. म्हणून थोडं लांब लिहा. पाठवणाऱ्यावर /ईटीसी/आरसिसलॉग.डी मध्ये ‘९०-केंद्राकडे.कॉन्फ’:

ॲक्शन(टाइप="ओएमएफडब्ल्यूडी" टार्गेट="१०.०.०.५" पोर्ट="५१४" प्रोटोकॉल="टीसीपी"
क्यू.टाइप="लिंक्डलिस्ट" क्यू.फाइलनेम="केंद्राकडे" क्यू.मॅक्सडिस्कस्पेस="१जी"
क्यू.सेव्हऑनशटडाउन="ऑन" ॲक्शन.रिझ्यूमरिट्रायकाउंट="-१")

रांग आधी मेमरीत राहते आणि वाढली की /व्हार/स्पूल/आरसिसलॉग मध्ये डिस्कवर उतरते. ‘सेव्हऑनशटडाउन’मुळे सर्व्हर बंद करताना मेमरीतलं डिस्कवर जातं. उणे एक म्हणजे केंद्र परत येईपर्यंत प्रयत्न सोडायचा नाही. हे लिहिलं नाही तर पहिल्या अपयशानंतरच संदेश टाकून दिले जातात, आणि नवख्या माणसाचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. एक जीबीची मर्यादाही मुद्दाम आहे: केंद्र आठवडाभर बंद राहिलं तरी पाठवणाऱ्याची डिस्क भरून त्याचं मूळ काम थांबता कामा नये.

एवढं करूनही जोडणी तुटण्याच्या क्षणी वाटेत असलेले दोनचार संदेश साध्या टीसीपीत हरवू शकतात. एकही नोंद सोडायची नसेल तर ‘आरसिसलॉग-आरईएलपी’ हे पॅकेज घ्या. त्यात केंद्र प्रत्येक संदेशाची पोच देतं. बहुतेक छोट्या कार्यालयांना त्याची गरज पडत नाही.

इंजिनएक्स या वेब सर्व्हरसारखे प्रोग्राम आपले लॉग थेट फाइलमध्ये लिहितात, ते सिसलॉगकडे येतच नाहीत. त्यांच्यासाठी ‘आयएमफाइल’ मॉड्यूल आहे: फाइलचा पत्ता आणि एक टॅग दिला की नवी ओळ आली रे आली ती उचलली जाते. कुठपर्यंत वाचलं याची खूण आरसिसलॉग त्याच /व्हार/स्पूल/आरसिसलॉग फोल्डरमध्ये ठेवतो. साफसफाई करताना हा फोल्डर ‘तात्पुरत्या फाइली’ समजून उडवला, तर तो लॉग पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला जातो आणि केंद्रावर सगळ्या नोंदी दुबार दिसू लागतात.

चाचणी, तीन टप्प्यांत

पाठवणाऱ्यावर ‘लॉगर -टी चाचणी "पहिला संदेश"’ चालवा. केंद्रावर /व्हार/लॉग/रिमोट/१०.०.०.११ फोल्डरमध्ये ‘चाचणी.लॉग’ तयार झाली का? झाली असेल तर वाट मोकळी आहे.

मग केंद्राचा आरसिसलॉग बंद करा. थांबवताना एक इशारा येईल, की ‘सिसलॉग.सॉकेट’मुळे ही सेवा पुन्हा सुरू होऊ शकते. म्हणून दोन्ही एकदम थांबवा: ‘सुडो सिस्टमसीटीएल स्टॉप सिसलॉग.सॉकेट आरसिसलॉग’. पाठवणाऱ्यावरून पाच-दहा संदेश पाठवा, पाच मिनिटं थांबा, केंद्र परत सुरू करा. थोड्या वेळात ते संदेश पोचायला हवेत. बहुतेक मार्गदर्शक हा टप्पा गाळतात. कृपा करून गाळू नका. रांग बरोबर लिहिली आहे की नाही हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

तिसरा टप्पा कायमचा. प्रत्येक पाठवणाऱ्यावर क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) दर तासाला एक ‘जिवंत’ असा संदेश पाठवणारी लॉगर कमांड लावा, आणि केंद्रावर एक छोटी स्क्रिप्ट, जी दोन तासांत कुणाचा ‘जिवंत’ आला नाही तर मेल करेल. त्या पतसंस्थेत ही स्क्रिप्ट असती तर चार महिने नव्हे, दोन तास गेले असते.

लॉग फिरवणं आणि कोण वाचणार

जुन्या लॉगचं नाव बदलून नवी फाइल सुरू करण्याचं काम लॉगरोटेट हा प्रोग्राम करतो. /व्हार/लॉग/रिमोट साठी त्याचा नियम तुम्हालाच लिहावा लागतो. पॅकेजच्या नियमात फक्त त्याच्या स्वतःच्या फाइली असतात. /ईटीसी/लॉगरोटेट.डी मध्ये ‘रिमोट’ नावाची फाइल करून /व्हार/लॉग/रिमोट/*/*.लॉग साठी ‘डेली’, ‘रोटेट १८०’, ‘कॉम्प्रेस’, ‘डिलेकॉम्प्रेस’, ‘डेटएक्स्ट’, ‘मिसिंगओके’, ‘नॉटिफएम्प्टी’ लिहा, आणि ‘पोस्टरोटेट’मध्ये /यूएसआर/लिब/आरसिसलॉग/आरसिसलॉग-रोटेट ही स्क्रिप्ट. ती आरसिसलॉगला नवी फाइल उघडायला सांगते. ती विसरलात तर तो नाव बदललेल्या जुन्या फाइलीतच लिहीत राहतो. ‘सुडो लॉगरोटेट -डी’ पुढे त्या फाइलचा पत्ता देऊन चालवलं की काय होणार ते दिसतं, प्रत्यक्षात काही होत नाही.

लॉगमध्ये लोकांचे मोबाइल नंबर असतात, आयपी पत्ते असतात, आणि निष्काळजीपणे लिहिलेल्या ॲपमध्ये लिंकच्या आत पासवर्डसुद्धा सापडतो. गोळा केलेल्या लॉगचा फोल्डर सगळ्यांना वाचायला खुला ठेवू नका. ज्यांना खरोखर लागतात त्यांना ‘एडीएम’ गटात घाला, तेवढ्यावर भागतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, पण त्या आधीही हे चुकीचंच होतं.

अपग्रेड

आरसिसलॉगची आवृत्ती वाचायला सोपी आहे. ८.२३०२ म्हणजे २०२३ चा दुसरा महिना. डेबियन १२ मध्ये हीच आहे. डेबियन ११ मध्ये ८.२१०२ होती. म्हणजे डेबियनची एक मोठी उडी मारली की आरसिसलॉग दोन वर्षं पुढे जातो, आणि खबरदारी तिथेच लागते. आठवड्याला येणारे छोटे सुरक्षा अपडेट सहसा शांतपणे होतात.

आधी प्रत. ‘सुडो टार सीझेडएफ’ने /ईटीसी/आरसिसलॉग.कॉन्फ, /ईटीसी/आरसिसलॉग.डी आणि /ईटीसी/लॉगरोटेट.डी एका फाइलीत बांधा, आणि ती फाइल दुसऱ्या सर्व्हरवर ठेवा. ‘एपीटी पॉलिसी आरसिसलॉग’ने सध्याची आणि येणारी आवृत्ती पाहून वहीत लिहा. जुनं पॅकेजही हाताशी हवं: ‘एपीटी’ कमांड इन्स्टॉल झाल्यावर उतरवलेली फाइल पुसून टाकते, आणि भांडारातून जुनी सुरक्षा आवृत्ती काही काळाने गायब होते. ‘एपीटी-गेट डाउनलोड आरसिसलॉग’ आधीच चालवून बरोबरीच्या चिन्हापुढे चालू आवृत्ती द्या, म्हणजे परतीचा रस्ता राहतो. आभासी सर्व्हर असेल तर स्नॅपशॉट त्याहून सोपा.

मग कोरडी तालीम: ‘एपीटी -एस इन्स्टॉल --ओन्ली-अपग्रेड आरसिसलॉग’. आणखी काय काय बदलणार, काय काढलं जाणार, ते दाखवते. यादी वाचा. सगळं पटलं की तीच कमांड ‘-एस’ काढून, सुडोसह. आधी एकाच पाठवणाऱ्यावर, एक दिवस थांबून केंद्रावर, मग बाकीच्यांवर. केंद्र रिस्टार्ट होत असताना पाठवणाऱ्यांच्या रांगा तोल सांभाळतात. वर चाचणी केलीच आहे.

कॉन्फिग फाइलबद्दल प्रश्न आला तर घाई करू नका. ‘डी’ दाबा, फरक दिसेल. न वाचता एंटर दाबलं तर तुमची जुनी फाइल राहते आणि नवी ‘.डीपीकेजी-डिस्ट’ नावाने शेजारी पडते. ‘वाय’ दाबलं तर नवी बसते आणि तुमची ‘.डीपीकेजी-ओल्ड’ होते. आपले बदल वेगळ्या फाइलीत असतील तर मुख्य फाइल नवी घेतली तरी बिघडत नाही. रॉकी किंवा रेडहॅट घराण्यात प्रश्न विचारला जात नाही. नवी फाइल ‘.आरपीएमन्यू’ नावाने येते आणि ती पाहायची आठवण तुम्हालाच ठेवावी लागते.

डेबियन ११ वरून १२ वर जाताना दोन बदल हमखास बोचतात. एक, नोंदीतली वेळ बदलते: ‘जून १० १४:०२:११’ च्या जागी वर्ष, सेकंदाचे अंश आणि +०५:३० सकट आयएसओ पद्धत येते. ही पद्धत कितीतरी चांगली आहे, पण ज्यांनी पहिले तीन रकाने म्हणजे तारीख असं धरून ऑकच्या (मजकुराचे रकाने वेगळे करणाऱ्या कमांडच्या) स्क्रिप्ट लिहिल्या आहेत त्यांच्या स्क्रिप्ट गप्प होतात. दोन, नव्या मूळ कॉन्फिगमध्ये /व्हार/लॉग/मेसेजेस, डीमन.लॉग, डिबग या फाइली लिहिल्याच जात नाहीत. त्यांच्याकडे नजर लावून बसलेला एखादा प्रोग्राम आहे का, ते आधी ‘ग्रेप -आर’ने /ईटीसी मध्ये शोधा.

अपग्रेड झाल्यावर तेच तीन: -एन१, ५१४ पोर्ट, लॉगर. परत फिरायची वेळ आली तर उतरवून ठेवलेलं जुनं पॅकेज ‘एपीटी इन्स्टॉल’ला ./ लावून द्या आणि ‘एपीटी-मार्क होल्ड आरसिसलॉग’ करा. होल्ड केलेलं पॅकेज सुरक्षा अपडेटही घेत नाही, म्हणून कारण सापडलं की ‘अनहोल्ड’ करायची तारीख कॅलेंडरमध्ये टाका.

काढणं

नवी यंत्रणा आली, सर्व्हर निवृत्त होतोय, किंवा जर्नलवरच भागतंय, यांपैकी कोणतंही कारण असो, पहिला प्रश्न हाच: या फाइली आणखी कोण वाचतं?

याचं नेहमीचं उदाहरण फेलटूबॅन. चुकीचे पासवर्ड मारणाऱ्यांना तो अडवतो, आणि बऱ्याच ठिकाणी /व्हार/लॉग/ऑथ.लॉग वाचून अडवतो. आरसिसलॉग काढला की ती फाइल जिथे आहे तिथेच गोठते. फेलटूबॅन चालूच असतो, पण त्याला काही दिसत नाही. काढण्याआधी त्याच्या कॉन्फिगमध्ये बॅकएंड ‘सिस्टमडी’ करा, म्हणजे तो जर्नलमधून वाचेल. आणि जर्नल डिस्कवर टिकतो का तेही पाहा: /व्हार/लॉग/जर्नल हा फोल्डर नसेल तर रीबूटला सगळं जातं.

क्रम बसवण्याच्या उलटा. आधी पाठवणाऱ्यांवरून ‘९०-केंद्राकडे.कॉन्फ’ काढा, पण त्याआधी /व्हार/स्पूल/आरसिसलॉग मध्ये रांगेच्या फाइली उरल्या नाहीत ना पाहा. उरल्या असतील तर त्या अजून न पोचलेल्या नोंदी आहेत, त्या जाऊ द्या. सगळे पाठवणारे थांबल्यावर केंद्र:

सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल --नाउ सिसलॉग.सॉकेट आरसिसलॉग
सुडो एपीटी रिमूव्ह आरसिसलॉग

‘रिमूव्ह’ने प्रोग्राम जातो, कॉन्फिग राहते, ‘डीपीकेजी -एल’मध्ये ‘आयआय’च्या जागी ‘आरसी’ दिसतं. महिनाभर तसंच ठेवावं असा माझा सल्ला आहे, कारण विसरलेला वाचणारा कुणीतरी याच काळात उगवतो आणि मग परत बसवणं एका कमांडचं काम असतं. नंतर ‘सुडो एपीटी पर्ज आरसिसलॉग’, म्हणजे कॉन्फिगही जाते. त्यापाठोपाठ ‘ऑटोरिमूव्ह’ करायचं असेल तर त्याची यादी वाचूनच ‘वाय’ म्हणा.

पर्ज करूनही तुमच्या हाताने केलेल्या गोष्टी राहतात: /ईटीसी/आरसिसलॉग.डी मधल्या तुमच्या फाइली, लॉगरोटेटचा ‘रिमोट’ नियम, ‘जिवंत’ संदेशाचे क्रॉन आणि फायरवॉलचा ५१४ चा नियम. शेवटचा सगळ्यात जास्त विसरला जातो. ‘सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस नंबर्ड’ने क्रमांक पाहून ‘डिलीट’ करा.

गोळा झालेले लॉग मात्र लगेच पुसू नका. १८० दिवस भरायचे असतील तेवढे टार करून दुसरीकडे हलवा, ‘एसएचए२५६सम’चा आकडा वेगळ्या जागी लिहून ठेवा म्हणजे पुढे कुणी फाइल बदलली नाही हे दाखवता येईल, आणि नष्ट करायची तारीख फाइलच्या नावातच घाला.

पुसल्यावरही ‘डीएफ -एच’मध्ये जागा मोकळी दिसत नसेल तर एखादा प्रोग्राम ती फाइल अजून उघडी धरून बसला आहे. नाव गेलं तरी उघड्या फाइलची जागा सुटत नाही. ‘सुडो एलएसओएफ +एल१’ चालवा, पुसलेली पण धरून ठेवलेली प्रत्येक फाइल आणि तिला धरणारा प्रोग्राम दिसेल. तो प्रोग्राम रिस्टार्ट करा, जागा सुटेल. आणि तो प्रोग्राम तुमच्या ओळखीचा नसेल तर रिस्टार्टच्या आधी तो कुणाचा आहे ते शोधा. ‘या फाइली आणखी कोण वाचतं’ या प्रश्नाचं एक उत्तर तुमच्या यादीतून राहून गेलं होतं.